तिसरा परिच्छेद

मावशी: ...मग गेटवरचा शिपाई म्हणाला, गळ्यातलं ओळखपत्र काढून द्या. मी म्हटलं, थांब बाबा, दोरी केसात अडकलीय. बावीस वर्षं रोज सकाळी घातलं, रोज संध्याकाळी काढलं, कधी अडकलं नाही. त्या दिवशी नेमकं अडकलं. शेवटी त्यानंच कात्री आणून दोरी कापली.

भाची: हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस.

मावशी: फोनवर काय काय सांगू? नोकरी गेल्याला अकरा दिवस झाले आणि तू फोनवरच भेटतेयस. आज उगवलीस. बस ना, दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? याच घरात वाढलीस तू.

भाची: बसते. चहा नको हं मला.

मावशी: विचारला कुठे मी? दुपारी दोनला मी घरात असते, हे मलाच अजून खरं वाटत नाही. काल शेजारीण म्हणाली, सुट्टी का? म्हटलं, हो, मोठी आहे.

भाची: मावशी, मी रविवारच्या पुरवणीच्या एडिटरला भेटून आले. तिथूनच येतेय सरळ.

मावशी: भेटला? की पुन्हा खालच्या बाकावर दोन तास, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून?

भाची: नाही, आज वर बोलावलं. केबिनमध्ये. मधली दोन पानं देतो म्हणाला. दोन्ही, समोरासमोरची.

मावशी: तुझ्या नावानं?

भाची: माझ्या नावानं. वर, ठळक.

मावशी: सात वर्षं झाली गं. पहिलं काय छापून आलं होतं तुझं? पडद्यांचं काहीतरी.

भाची: खिडकीला कोणते पडदे शोभतात.

मावशी: आणि आपल्या खिडकीला तेव्हा जुनी चादर टांगलेली! कारखान्यात बारकी आणि मी डबा खाताना वाचलं, हसून हसून ठसका लागला तिला. मग दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन, मग कुत्र्यांचं प्रदर्शन. त्या कुत्र्यांच्या वेळी तर तुला आत सोडत नव्हते.

भाची: कुठल्या पेपरच्या, असं विचारतात ना. मी म्हणते, स्वतंत्र. मग त्यांचा चेहरा बघायचा. जणू मी फुकट खायला आलेय. पेपरच्या माणसाला पहिली रांग, मला खांबामागची खुर्ची. आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याची बातमी छापून येते आणि माझी मेल उघडलेलीसुद्धा नसते. सात वर्षांत किती मेल पाठवल्या असतील मी, सांग. उत्तर कितींना आलं? ते नाही म्हणत नाहीत गं, तेच जिव्हारी लागतं. नाही तरी म्हणा.

मावशी: बरं, आता हो म्हणाले ना. मग तोंड का पाडलंयस?

भाची: अजून एक म्हणाला तो. हा लेख नीट झाला तर महिन्याला दोन लेख, कायमचे. आणि त्यांच्या पेपरचं ओळखपत्र.

मावशी: अरे वा. माझं गेलं, तुझं आलं.

भाची: असं नको ना म्हणूस.

मावशी: गंमत करतेय. घरात एक तरी असावं गळ्यात घालायला. लेख कशाचा आहे?

भाची: तुझा. म्हणजे कंपनीचा. इंजेक्शनच्या बाटल्यांचा. मी तीन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं त्यांना, लिहू का म्हणून. आता तो म्हणतो, जिनं पाहिलं ती बाई नावानिशी बोलली पाहिजे. फोटो पाहिजे. उद्या दुपारपर्यंत होय की नाही ते कळवायचंय.

मावशी: माझा फोटो?

भाची: तो म्हणाला, आता त्यांना काढूनच टाकलंय, तर त्यांचं आणखी काय जाणार.

मावशी: तो असं म्हणाला?

भाची: हो.

मावशी: खरं आहे म्हणा. आणखी काय जाणार? लिही. माझं नाव लिही, घराचा पत्ता लिही, काही हरकत नाही. विचार काय विचारायचं ते. वही काढ.

भाची: मावशी, आधी...

मावशी: वही काढ म्हटलं ना. मी सांगते तसं लिहून घे, नंतर तुझं तू सजव. बाटली उचलायची, मानेला धरून उलटी करायची, एक गिरकी द्यायची. पाच सेकंद पांढऱ्या फळीसमोर, पाच सेकंद काळ्या फळीसमोर. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर काच चमकते. काच असली की लाल टोपली. लाल टोपली संध्याकाळी जाळीच्या खोलीत जाते, तिथून फोडायला. असा नियम. वीस मिनिटं झाली की डोळे मिटून बसायचं, तोही नियम. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलं गं मी, एवढंच मनाशी म्हणत, कुठल्या तरी माणसाच्या दंडात जाणार आहे ते.

भाची: हे आहे माझ्याकडे.

मावशी: मग पुढचं. महिन्यापूर्वी एका सोमवारी एक बाटली लाल टोपलीत टाकली. काचेचे पापुद्रे होतेच, वर तळाला एक बुडबुडा, मसुराएवढा. गुरुवारी तीच बाटली, तोच बुडबुडा, नवा नंबर चिकटवलेला, माझ्याच टेबलावर चांगल्यात. मी बारकीला हाक मारली. तिच्या हातात दिली. तिनंही फिरवली, दोन्ही फळ्यांसमोर. म्हणाली, घारे, हीच गं. पांढरीफटक पडली होती. त्या टोपलीत मग अशा चाळीस मोजल्या आम्ही.

भाची: मावशी, बारकीमावशीबद्दल मला...

मावशी: तिचंही लिही. मी सांगणारच होते. तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिही. एकोणीस वर्षं एका डब्यात जेवली आणि माझं नाव जाऊन सांगून आली.

भाची: तिनं सांगितलं, हे तुला कोणी...

मावशी: सांगायला कशाला पाहिजे? हिशेब साधा आहे. मी बाटल्यांचं दोघींपाशीच बोलले. एक ती, एक तू. तू तर माझी. सुपरवायझरनं मला तोंडावर सांगितलं, तुम्ही बाहेर बोलता, आम्हाला सगळं कळलंय. कोणाकडून कळणार? मी जाताना सगळ्यांदेखत विचारलं तिला, अख्ख्या खात्यासमोर. म्हटलं, काय मिळालं गं तुला? ती नुसती बघत राहिली. खरं असलं की तोंड बंदच होतं माणसाचं.

भाची: आणि बाकीच्या बायका?

मावशी: त्या माझ्या बाजूनं. सगळ्या. कोणी बोलत नाही तिच्याशी. तिच्या कपाटात कोणीतरी वापरलेले हातमोजे कोंबले. टेबलावरून काढून बाटल्या धुवायला टाकलंय म्हणे तिला. टाकू देत.

भाची: तू थांबवायला हवं होतंस त्यांना.

मावशी: मी? मी का थांबवू? मंगळवारी आली होती इथे. एवढं करून वर दारात आली! मी नाही उघडलं. तासभर होती जिन्यात. एकदा हळूच म्हणाली, मी नाही गं, घारे. मी आत उभी. तिच्याशिवाय मला घारी म्हणणारं आता कोणी राहिलं नाही. पण नाही उघडलं.

भाची: ती खरं बोलत होती.

मावशी: तुला काय माहीत?

भाची: बारकीमावशीनं नाही सांगितलं.

मावशी: मग कोणी सांगितलं?

भाची: मी.

मावशी: काय मी?

भाची: माझ्यामुळे कळलं. कंपनीला मी नाही गं सांगितलं, कंपनीत मी कोणाला ओळखतही नाही, पण ती जी मेल मी...

मावशी: नीट सांग. एका दमात.

भाची: आमच्यात लेख आधी लिहीत नाहीत. आधी एडिटरला मेल टाकायची. पहिल्या परिच्छेदात विषय. दुसऱ्यात, तो आत्ताच का छापायचा. आणि तिसऱ्यात, तो तुम्हीच का लिहायचा. हा तिसरा परिच्छेद माझा नेहमी रिकामा असतो. पेपरच्या माणसाला तो लागतच नाही, त्याच्यामागे पेपर असतो. माझ्यामागे कोण आहे? मी दर वेळी तिथे काहीतरी भरते, मला या विषयाची आवड आहे, अभ्यास आहे, असलं. तेवढं वाचून ते मेल बंद करतात. या वेळी मात्र माझ्याकडे होतं. मी लिहिलं, माझी सख्खी मावशी त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं बसते आणि तिनं स्वतः हे पाहिलंय.

मावशी: असं लिहिलंस.

भाची: पाच पेपरना पाठवली. चार गप्प. पाचव्यानं, म्हणजे याच पेपरनं, ती त्यांच्या पगारी बातमीदाराकडे दिली. नुसतं खरं-खोटं बघ म्हणून. त्यानं काय केलं, कंपनीला विचारलं, यावर तुमचं म्हणणं काय. तसं विचारायचीच पद्धत आहे, ते बरोबर आहे. पण खाली माझी अख्खी मेल तशीच जोडलेली राहिली. तिसऱ्या परिच्छेदासकट. घाईत कापायची राहिली म्हणाला.

मावशी: तुला म्हणाला?

भाची: फोन आला होता त्याचा. सॉरी हं, म्हणाला. चहा पिता पिता बोलत होता, कप ठेवल्याचा आवाज आला मला. आणि मग म्हणाला, पण एक बरं झालं, त्यांनी बाईंना लगेच काढलं म्हणजे बातमी पक्की आहे. वर सांगितलंय मी, तुमचा लेख घेतील आता.

(मावशी उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते. खाली कोणीतरी सायकलला हवा भरत असतं, तेवढाच आवाज येत राहतो. ती परत येऊन बसते ती नेहमीच्या खुर्चीत नाही, समोरच्या स्टुलावर, भाचीचा चेहरा उजेडात दिसेल अशी.)

मावशी: फोन कधी आला होता त्याचा?

भाची: मावशी, मी खूपदा ठरवलं...

मावशी: वार सांग.

भाची: बुधवारी. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या.

मावशी: म्हणजे मला काढलं सोमवारी, तुला कळलं बुधवारी. आज शुक्रवार. नऊ दिवस.

भाची: हो.

मावशी: आणि त्या बुधवारी संध्याकाळी मी तुला फोनवर म्हटलं होतं, बारकीनं घात केला. तू काय म्हणालीस?

भाची: मी म्हणाले, जाऊ दे, तू त्रास करून घेऊ नको.

मावशी: चांगलं आठवतंय तुला.

भाची: मला तोंड नव्हतं गं. पहिले दोन दिवस खरंच नुसती लाज वाटत होती. रोज तुझ्याकडे यायच्या बसच्या रांगेत उभी राहायचे आणि परत जायचे. मग एडिटरच्या ऑफिसातून फोन आला, भेटायला या म्हणून. मग मी... मला वाटलं, आधी त्याचं हो येऊ दे, आधी तू हो म्हण, मग सांगेन. आधी सांगितलं तर तू बोलणार नाहीस, आणि तू बोलली नाहीस तर लेख नाही. असं मी ठरवलं. डोकं ठिकाणावर ठेवून ठरवलं. मला रडून माफी मागायचीय, पण हे सांगितल्याशिवाय मागितली तर तीही खोटी होईल.

मावशी: माझं नाव होतं त्यात?

भाची: नाही! नाव नव्हतं. नाव मी मुद्दाम...

मावशी: बावीस वर्षं त्या टेबलावर बसलेली दुसरी कोण आहे?

भाची: ते मला तेव्हा सुचलं नाही.

मावशी: बारकी एकोणीस. बाकीच्या दहाच्या आत. तुला हे पाठ आहे, लहानपणापासून ऐकतेस. बावीसच्या जागी बरीच वर्षं लिहिलं असतंस तर?

भाची: आकडा असला की वजन येतं. ते लोक आकडा बघतात.

मावशी: मला विचारलं का नाहीस?

भाची: तू नको म्हणाली असतीस.

मावशी: हो. म्हणाले असते.

भाची: पण मावशी, तूच मला सांगितलंस ना? तूच बोलावून घेतलंस, एवढं सगळं बाटल्यांचं, टोपल्यांचं. मला वाटलं, तुलाही आतून वाटत असेल, की हे कुठेतरी छापून...

मावशी: मी तुला बातमी दिली नव्हती गं. मला झोप लागत नव्हती, ते सांगितलं होतं. रडू नको. मला विचार करू दे. फोन लाव.

भाची: कोणाला?

मावशी: बारकीला. तुझ्या फोनवरून. माझा बघून ती उचलायची नाही. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेव मधे.

बारकी: हॅलो. कोण बोलतंय?

भाची: बारकीमावशी, मी. घारीची भाची.

बारकी: तू होय? काय गं, बरी आहे ना ती? काही झालं का तिला?

मावशी: मला काही झालं नाही. मीच आहे इथे. बारके, ऐकू येतंय ना?

बारकी: येतंय.

मावशी: तू नव्हतीस.

बारकी: तेच तर सांगायला आले होते बाई.

मावशी: आता कळलं मला. माझ्या घरातूनच गेलं होतं. या पोरीच्या हातून. मी तुला अख्ख्या खात्यासमोर नाही नाही ते बोलले.

बारकी: बोललीस. मी म्हटलं, राग आहे, उतरेल. तुझा राग मला काय नवा आहे? आठवडा गेला तरी उतरेना, तेव्हा मंगळवारी आले. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा विचारून गेली, कोणाकडे आलात, घरात नाहीत का. काय सांगणार? आहे आत. पायांची सावली दिसत होती मला दाराच्या फटीतून.

मावशी: होते मी. दाराला लागूनच होते.

बारकी: माझ्या हातात कागद होता गं. तुला दाखवायला आणलेला.

मावशी: कसला कागद?

बारकी: सोमवारी दिला होता ऑफिसातून. सही करून आणा म्हणाले. त्यात लिहिलेलं, लाल टोपलीतली बाटली परत टेबलावर आलेली मी कधी बघितली नाही. आणि घारीला... म्हणजे तुझं पूर्ण नाव होतं त्यात... तुला सहा महिने नीट दिसत नव्हतं, तुझ्या चुका व्हायच्या आणि मी त्या झाकायचे.

मावशी: माझे डोळे?

बारकी: हो गं.

मावशी: माझ्या डोळ्यांबद्दल लिहिलंय?

बारकी: मी तो घेऊन आले, म्हटलं घारीला विचारते काय करू. तू नुसतं दार उघडलं असतंस ना, शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं, तिथेच जिन्यात फाडला असता मी. तुझ्यासमोर फाडायचा होता. म्हणूनच आणला होता.

मावशी: मग?

बारकी: मग काय. गेले घरी. बुधवारी डबा उघडला तर टेबलावरच्या सगळ्या उठल्या. एकजात. ती नवीन पोरगी, जिला मी बाटली धरायला शिकवली, तीसुद्धा उठली. मी एकटी लांबलचक टेबलाला. डबा तसाच बंद केला. मग साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बसा, दमलात, पाणी घ्या. खुर्ची ओढून दिली गं त्यांनी. आठवडाभरात माझ्याशी एवढं नीट कोणी बोललं नव्हतं.

मावशी: केलीस सही.

बारकी: केली. सगळ्या म्हणतच होत्या ना, कंपनीची माणूस, कंपनीची माणूस. मग झाले.

मावशी: बारके...

बारकी: आता काय म्हणू मी तुला? घरात म्हणालीस ना, पोरीच्या हातून गेलं. कधी कळलं तुला?

मावशी: आत्ता. पाच मिनिटांपूर्वी.

बारकी: आणि तिला?

मावशी: तिला नऊ दिवस झाले.

बारकी: ...असं.

भाची: बारकीमावशी, मी तुमच्या पाया पडते, मला खरंच वाटलं नव्हतं की...

बारकी: राहू दे. तू राहू दे बाळ. मला तुझ्याशी आत्ता बोलवणार नाही.

मावशी: मी येते तुझ्याकडे. आत्ता निघते.

बारकी: येऊन काय करशील? कागद गेला आता.

मावशी: तरी येते.

बारकी: ये हवं तर. पण मी दार उघडेन की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही, घारे. खरंच सांगता येत नाही. ठेवते.

भाची: मावशी, मी त्याला नाही म्हणून सांगते. एडिटरला. आत्ता फोन करते. मला नकोत ती पानं.

मावशी: का?

भाची: का म्हणजे? एवढं झाल्यावर...

मावशी: त्या चाळीस बाटल्या कुठे आहेत आत्ता, सांगू शकतेस? एव्हाना दुकानात असतील. दवाखान्यात असतील. तुला वाईट वाटलं म्हणून त्यांतली काच विरघळणार आहे का? आता तर तिकडे असं लिहून गेलंय की घारीला दिसतच नव्हतं. मी बोलले नाही तर तेच खरं ठरणार. मी बोलणार. माझं नाव घाल, फोटो घाल. डोळ्यांचा जवळून काढ म्हणावं त्याला.

भाची: ते विचारतील, दुसरी साक्षीदार उलटली आहे, मग...

मावशी: मग ती का उलटली तेही लिही. तिला कोणी वाळीत टाकलं, मी. का टाकलं, कारण मला वाटलं तिनं सांगितलं. आणि खरं कोणी सांगितलं. ते सगळं लिही. तुझा तो तिसरा परिच्छेद जसाच्या तसा छाप.

भाची: मावशी, त्यात त्यांचाच बातमीदार येतो. त्यांच्याच पेपरची चूक. ते स्वतःच्या पानावर हे छापणार नाहीत. एकतर कापतील, नाहीतर लेखच काढून टाकतील. आणि मग हा पेपर मला पुन्हा दारात उभं करणार नाही. बाकीच्यांनाही कळेल. कोण मला काम देईल? कोण मला काही सांगायला येईल?

मावशी: ते खरं आहे.

भाची: मी नुसता कंपनीचा भाग लिहिला तर? कडक लिहीन. तुझ्या शब्दाला धक्का लागू देणार नाही. बारकीमावशीचं नावच घेत नाही, हवं तर.

मावशी: म्हणजे तिच्यावरचं तसंच राहिलं. खात्यातल्या बायका लेख वाचतील आणि म्हणतील, बघा, घारी खरी आणि ती खोटी.

भाची: मग मी काय करू, तू सांग. तू सांगशील तसं लिहिते.

मावशी: ते मी नाही सांगणार. बाटलीत काच आहे की नाही एवढं मी सांगू शकते. लेख तुझा आहे, नाव वर तुझं येणार आहे. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे म्हणालीस ना?

भाची: लिहीन. सगळं लिहीन, मावशी. शपथ.

मावशी: शपथ कशाला घालतेस? आत्ता तुला खरंच तसं वाटतंय, दिसतंय मला. उद्या सकाळी काय वाटतं ते बघ. सरक जरा, माझी पिशवी आहे मागे.

भाची: ती दार नाही उघडणार.

मावशी: तासभर तर थांबेन. तिच्या जिन्याला कठडा आहे, टेकता येतं.

भाची: मी येऊ बरोबर?

मावशी: नको. तिला वाटेल, लेखासाठी आलीस.

भाची: आणि तुला काय वाटेल?

मावशी: गॅस बंद आहे का बघून निघ. कुलूप लावून किल्ली शेजारी देऊन जा.

भाची: शेजारी कशाला? माझी आहे ना माझ्याकडे. शाळेत होते तेव्हापासून आहे.

मावशी: हो. तीच.